न झाडलेलं घर

विहीणबाईंनी झाडू उचलला तशी मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

माझा हरेश नुकताच त्यांच्या कोरियातल्या घराचा जिना उतरून गेला होता. त्याच्या रबरी बुटांचा आवाज अजून खालच्या गल्लीतून येत होता. इकडे कोकणात, आमच्या भरडखोलच्या घरात माणूस दर्यावर गेला की तो परत येईस्तोवर केर काढत नाहीत. माझ्या सासूनं पाळलं, मी पाळलं. पण हे मी विहीणबाईंना सांगणार कसं? त्यांना कोरियन सोडून काही येत नव्हतं आणि मला तर मुंबईची मराठीसुद्धा जड जायची. मी दाराकडे बोट केलं, मग खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडे, मग झाडूकडे, आणि मान हलवली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग समुद्राकडे. मग झाडू कपाटात ठेवून कपाटाचं दार लावून टाकलं आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

थोड्या वेळानं माझी नात, चार वर्षांची सोरा, भाताचे पापड खात घरभर चुरा करून गेली. विहीणबाई खाली बसल्या आणि एकेक कण बोटानं टिपून तळहातावर घेतला. उठताना मला तो तळहात दाखवला आणि हसल्या. समोरचे दोन दात नव्हते त्यांना.

तेव्हा मी हसले नाही. मी त्या घरात हसायला आलेच नव्हते. मी माझा मुलगा परत न्यायला आले होते.

हरेश विसाव्या वर्षी मोठ्या जहाजावर लागला. त्याची पत्रं यायची ती पोस्टमन ओटीवर बसून वाचायचा, आणि सगळी आळी ऐकायची. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, आये, मला इथं रडू येतं. ते सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसले. पंचेचाळीस वर्षांची होते. पुढची पत्रं माझी मी वाचली. त्यातल्याच एका पत्रात कळलं, की जहाज दुरुस्तीला बुसानच्या गोदीत लागलंय. सात महिने ते तिथंच राहिलं. हरेश ज्या खानावळीत जेवायचा तिच्या मालकिणीची मुलगी मीजंग. पुढचं काय सांगायचं? लग्नाचा फोटो आला, मग सोराचा. त्याचे सासरे वारले तेव्हा त्यांची मासेमारीची बोट हरेश चालवायला लागला. मग त्यानंच मला तिकीट पाठवलं.

झाडूच्या त्या सकाळच्या आदल्या दिवशी तो मला बुसानच्या मोठ्या मासळी बाजारात घेऊन गेला होता. एका बाजूला आभाळाला टेकलेल्या काचेच्या इमारती, आणि त्यांच्या पायाशी आमचीच सगळी दुनिया. रबरी बूट, रबरी पदर, डोक्याला फडकं बांधलेल्या बाया. हातात सुरे, तोंडात आवाज. फरक एवढाच, की मासे पाण्याच्या टाक्यांत पोहत होते.

"आये, हात नको लावू. जिवंत हाय तो."

"जिवंत इकतात? मग ताजा हाय का शिळा, गिऱ्हाइकाला कळायचं कसं?"

"पळतो तो ताजा," हरेश म्हणाला.

एक जाडजूड बाई माझ्याकडे बघून काहीतरी ओरडली. बाकीच्या हसल्या.

"काय म्हणते रं?"

"म्हणते, बघायला पैसे पडत नाय, पन वाट सोडून उभी राहा."

"ही तर आपली गंगू!" मी म्हणाले. गंगू म्हणजे आमच्या बाजारात माझ्या शेजारी बसणारी. तिचाही आवाज असाच, आणि कंबरसुद्धा.

ती बाई एक लेपी, तो चपटा मासा, साफ करत होती. आपल्याकडच्या लेपीपेक्षा चांगली रुंद. मी बघत राहिले. तिनं भुवया उडवल्या आणि सुरा माझ्यापुढे धरला. मी पदर खोचला. पाच फटक्यांत लेपी साफ करून ठेवली. टाळ्या पडल्या. मग तिनं एक पांढरा कच्चा तुकडा लाल चटणीत बुडवून सरळ माझ्या तोंडाशी आणला.

"कच्चाच?"

"खा, आये. तुझी सून रोज खाते."

"म्हनून तिच्या तोंडातून शब्द निघत नाय."

हरेश हसून हसून वाकला. मीजंग खरंच फार कमी बोलायची. माझ्यासमोर तर मान खाली. मी तो तुकडा चावत राहिले. गिळायला वेळ लागला, पण चव वाईट नव्हती. दर्याच्या पाण्यासारखी स्वच्छ.

मग धक्क्यावर बसून आम्ही कागदी पेल्यातून मासळीच्या वड्यांचा गरम कढ प्यायलो. एप्रिल असून वारा बोचत होता. मी तीन आठवडे तोंडात धरून ठेवलेलं तेव्हा बोलले.

"घरी चल, हऱ्या. तुझा बाप गेला. चुलत्यांची बोट नुसती किनाऱ्याला पडलीय. बायकोला आन, पोरीला आन. मी काय नको म्हनते?"

तो समुद्राकडे बघत होता.

"उद्याची फेरी मारून येतो. मग सांगतो."

"आज का नाय सांगत?"

"आये, इथं पन एक आय हाय."

मला ते लागलं. मी पेला तिथंच ठेवला आणि उठले. घरी येईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. सकाळी तो निघाला तेव्हा माझ्या पाया पडला. मी डोक्यावर हात ठेवला, पण बोलले नाही.

त्या दिवशी दुपारनंतर वारा फिरला. खिडक्या थरथरायला लागल्या. आमच्याकडे असा वारा सुटला की बाया किनाऱ्यावर जमतात. तिथंही तसंच असावं. मीजंग दुपारीच बंदरावर गेली होती. बोटी आल्या की माणसं ओळीनं उभी राहून जाळी झटकतात, एका सुरात ओरडत, आणि मांदेलीसारखी बारीक मासळी हवेत उडते. ती गोळा करून खारवायचं तिचं काम. पण त्या दिवशी बोटी येतच नव्हत्या. सोराही तिच्या पाठोपाठ गेलेली. घरात आम्ही दोघीच.

अंधार पडायच्या आधी विहीणबाईंनी जेवण मांडलं. बुटकं मेज, खाली गरम जमीन. त्या लोकांची जमीन आतून तापवलेली असते, बसलं की पाय शेकतात. स्टीलच्या वाटीत भात, समुद्री शेवाळाचं सार, आंबवलेल्या कोबीची लाल भाजी. मी गावाहून नेलेला सुका जवळा त्यांनी तिळाच्या तेलात परतला होता. पहिल्या दिवशी मी तो पुडा उघडला तेव्हा त्यांनी वास घेतला, उठल्या आणि त्यांच्या कपाटातून खारवलेल्या जवळ्याची बरणी आणून माझ्यापुढे ठेवली होती. आणि मधोमध ताटलीत एक आख्खी तळलेली लेपी. मी बाजारात साफ केलेलीच. त्या बाईनं ती मला बांधून दिली होती.

विहीणबाईंच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. कान दाराकडे. मलाही भूक नव्हती, पण नुसतं बसून राहण्यापेक्षा हाताला काही असावं म्हणून मी मासा खात होते. वरची बाजू संपली. मी बोटांनी तो उचलला आणि उलटा केला. पांढरं पोट वर आलं.

विहीणबाईंच्या हातातला चमचा वाटीवर वाजला.

त्यांचा चेहरा कसा झाला ते आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. मला वाटलं, बाहेर काही दिसलं की काय. मी वळून खिडकीकडे बघितलं. त्यांनी जेवायच्या काड्या घेतल्या आणि घाईघाईनं मासा पुन्हा सुलटा करायला लागल्या. तेवढ्यात दार उघडलं. मीजंग आत आली, सोरा कडेवर, केस वाऱ्यानं पिंजारलेले.

तिनं मेजाकडे बघितलं. आईच्या काड्यांत मासा अर्धा उचललेला, पांढरी बाजू वर.

तिनं काहीतरी विचारलं. हळू आवाजात, दोनच शब्द.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. काड्या खाली ठेवल्या, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि एक शब्द बोलल्या.

मग ती न बोलणारी मुलगी ओरडली. ओरडली म्हणजे काय! सोरा भेदरून रडायला लागली. मीजंग आईला बोलत होती, बोलत होती, भिंतीवर मूठ आपटत होती. विहीणबाई मान खाली घालून बसून राहिल्या. मी मध्ये पडले. "अगं, आईला असं बोलतात का? काय झालं काय? मीठ कमी पडलं का?" मला कोण समजणार होतं? मीजंग सोराला घेऊन परत बंदरावर गेली. विहीणबाईंनी ती ताटली उचलून आत नेली. मी मनात म्हटलं, केवढा हा राग, तोही जेवणावरून! आणि ही असली सून हरेशला कधी येऊ द्यायची नाही.

बोट तिसऱ्या दिवशी सापडली. समुद्री पोलिसांनी आणली. उलटी झाली होती. पाच माणसांपैकी दोघं वाचले. हरेश चौथ्या दिवशी मिळाला.

तिथं गेलेल्या माणसाला तीन दिवस ठेवतात. येणाऱ्या प्रत्येकाला लाल तिखट सार आणि भात वाढतात. फोटोपुढे भाताची वाटी ठेवतात आणि चमचा भातात उभा खोचतात. हरेशच्या फोटोपुढे ती वाटी विहीणबाईंनी ठेवली. मी बघत होते. माझ्या मुलाच्या तोंडचा शेवटचा घास दुसरी बाई वाढत होती. मीजंग आईपासून लांब, भिंतीशी बसलेली. दोघींत तीन दिवसांत एक शब्द झाला नाही.

मी निघाले त्या सकाळी विहीणबाई माझ्या पिशवीत शेवाळाच्या सुक्या जुड्या भरत होत्या. मी पिशवी हिसकावली. जुड्या जमिनीवर पडल्या.

"तुझी बोट," मी म्हणाले. "तुझ्या बोटीनं खाल्ला माझा पोर. तुझ्या घराला गडी पायजे होता, म्हनून ठेवून घेतलास त्याला. सुखानं राहा आता!"

मराठीतच बोलले, पण सगळं कळलं त्यांना. ऐकून घेतलं. मग गुडघ्यावर बसून जुड्या गोळा केल्या आणि पुन्हा पिशवीत भरल्या. वर बघितलं नाही.

भरडखोलला आल्यावर मी त्या जुड्या उघडल्याही नाहीत. कुठल्याशा पावसाळ्यात त्यांना बुरशी लागली आणि मी त्या फेकून दिल्या.

अठरा वर्षं गेली. अधूनमधून सोराचे फोटो यायचे, मग फोन यायला लागले. कॉलेजात ती हिंदी शिकली. बापाची भाषा म्हणे तिथं कुठे शिकवत नव्हते, म्हणून जवळची धरली. गेल्या वर्षी माघात ती माझ्या दारात उभी राहिली. पाठीवर मोठी पिशवी, नाक उन्हानं लाल, आणि चालणं अगदी हरेशचं, पाय जरा फाकून, बोटीवर चालल्यासारखं.

"आजी, भूक लगी है," हे तिचं पहिलं वाक्य.

त्या दिवशी मी तिला आख्खा सरंगा तळला. एकाच ताटात दोघी बसलो. गंगू दारात येऊन बघून गेली. "काय गं चांगुणा, नातीला काटं काढून देतेस का नाय?" सोरा बोलायची हिंदीत, मला ती बाजारामुळे कळायची; मधूनच आपल्या बोलीतलं काहीबाही उचलायची. "देतंय, देतंय," म्हणाली, आणि गंगू पदर तोंडाला लावून हसली.

वरची बाजू संपली तसा मी मासा उलटा करायला हात घातला.

"आजी, नको!" सोरानं माझं मनगट धरलं. मग एकदम लाजली, सोडलं. "सॉरी. मी मानत नाही हे. पण हात आपोआप जातो."

"काय मानत नाहीस?"

"आमच्या बंदरावर मासा उलटा करत नाहीत. घरातलं माणूस समुद्रावर असेल तर अजिबात नाही. वरची बाजू खायची, मधला काटा काढायचा, मग खालची बाजू खायची. मासा उलटला तर बोट उलटते, म्हणतात."

ती सांगत राहिली, खाता खाता, जुनी घरातली गोष्ट सांगावी तशी.

"अप्पा गेले ना, त्या दिवशी आजीनं मासा उलटा केला होता. तिकडच्या आजीनं. तिनं स्वतः कबूल केलं. कोळ्याची बायको, सगळं आयुष्य बंदरावर, आणि तिला कळू नये? अम्मानं तिला कधीच माफ केलं नाही. मला घेऊन सोल शहरात निघून गेली. अठरा वर्षं तिच्या हातचं जेवली नाही. आजी आता एकटी असते, म्हाताऱ्यांच्या घरात. मी जाते भेटायला. अम्मा गाडीत बसून राहते, आत येत नाही." सोरानं बोटं चाटली. "माशानं काही होत नाही, आजी, मला माहीत आहे. वाऱ्यानं झालं. पण अम्माला कोणावर तरी रागवायचंच होतं. तू का जेवत नाहीस?"

माझा हात अजून सरंग्यावर होता.

अठरा वर्षं मी त्या संध्याकाळची ताटली किती वेळा आठवली असेल. त्यांचा वाटीवर वाजलेला चमचा आठवला, माशाखाली घातलेल्या काड्या आठवल्या. पण तो मासा कोणाच्या हातानं उलटला, हे मला कधी आठवावंसंच वाटलं नव्हतं. कशाला आठवेल? मासा उलटणं ही काय लक्षात ठेवायची गोष्ट?

"सोरा," मी म्हणाले, "तो मी उलटला."

तिला आधी कळलं नाही. मी हात धुतले नाहीत, तशाच बोटांनी ताटातला सरंगा उचलून दाखवला. "असा. मी. तुझ्या आजीनं नाय. ती तो सुलटा करत होती, तेवढ्यात तुझी आई आली."

सोरानं हातातला घास ताटात ठेवला. मग तिनं फोन काढला.

फोनच्या काचेत विहीणबाई दिसल्या. पांढऱ्या उशीवर एवढंसं तोंड. आता दात एकही नव्हता. त्या खोकत होत्या, कोरडा, तीन तीन वेळा येणारा खोकला. सोरानं त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी बोटानं स्वतःच्या छातीवर दाखवलं. मी. मी.

त्यांनी मान हलवली. नाही. अगदी ठाम.

"काय म्हणतात?"

सोरा म्हणाली, "म्हणते, सादोन म्हातारी झाली, विसरायला लागली. मासा मीच उलटला होता." सादोन म्हणजे विहीण. "आणि काहीतरी विचारते, आजी. मला समजत नाही. म्हणते, त्या दिवशी मी घर झाडलं नव्हतं ना? सादोनला विचार. दिवसभर झाडलं नव्हतं ना?"

मी फोन दोन्ही हातांत धरला.

"नव्हतं झाडलंस, बाय," मी म्हणाले. "एक काडी हलवली नाहीस. पोरीनं सांडलेलं पन बोटानं टिपलंस."

सोरानं ते तिकडच्या भाषेत सांगितलं. विहीणबाईंनी डोळे मिटले. किती वर्षं हे त्यांच्या उरात अडकून होतं, देव जाणे.

"अम्माला मी सांगते," फोन ठेवल्यावर सोरा म्हणाली. "आत्ताच सांगते."

"नको. माझं मी सांगनार."

"तिला तुझी भाषा येत नाही."

"तू वाचून दाखव. पन लिहिनार मी."

तीन दिवस लागले मला. माझी जोडाक्षरं अजून चुकतात. मासा लिहिला, झाडू लिहिला, शेवाळाच्या जुड्या लिहिल्या, मी काय काय बोलले तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, तुझ्या आईचं वय झालंय, गाडीतून उतर. खाली सही केली, चांगुणा हिराजी पावसे, आणि घडी करून सोराच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

ती सकाळच्या एसटीनं गेली. विमान रात्रीचं होतं. घरात तिच्या केसांचे पुंजके, शेंगांची टरफलं, दारात रांगोळीचं पसरलेलं पीठ. गंगू आली. "काय गं, घराचा उकिरडा केलास. झाडू मोडला का काय?"

"राहू दे," मी म्हणाले.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. सोराचा नंबर होता, पण सोरा नव्हती. कोणीच बोलेना. नुसता श्वास. मी ओळखलं. तिचं न बोलणं मला ओळखीचं होतं.

"मीजंग?" मी म्हणाले.

तिच्या मागून, अगदी जवळून, खोकला ऐकू आला. कोरडा, तीन वेळा.

खोकला थांबेपर्यंत मी फोन कानाशी धरला. मग तो ठेवला, आणि कोपऱ्यातला झाडू घेतला.